वमनात शरीरातून नेमकं काय बाहेर पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 38, पुण्यात दिवसभर संगणकावर बसून काम. चार-पाच वर्षांपासून सकाळी उठलं की शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, थंडीत छातीत घरघर. रक्तदाबाची एक गोळी चालू. वैद्यांनी सांगितलंय की वसंतात वमन करून घ्या. पाच दिवस वाढत्या मात्रेत तूप प्यायचं आणि मग उलट्या करायच्या, हे ऐकून धास्ती बसली आहे. घरचे डॉक्टर म्हणतात, शरीर साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, वेगळं काही करायची गरज नाही. मावशी केरळात सात दिवसांचं पंचकर्म करून आली, तिला कुणी उलटी करायला लावली नाही. मग शरीरातली विषं बाहेर पडतात म्हणजे नक्की काय पडतं, आणि करावं की करू नये?

मी सांगलीत 22 वर्षं पंचकर्माचं काम करते. दर वसंतात पंचवीस-तीस वमनं माझ्या देखरेखीखाली होतात, आणि यायच्या आधी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न असतो. करावं की नाही, हे तुमची नाडी आणि रिपोर्ट न बघता मी सांगू शकत नाही. तुमचा रक्तदाब किती आटोक्यात आहे, गोळी कुठली आहे, पित्ताशयात खडे आहेत का, भूक कशी आहे, यावर ते अवलंबून आहे. शरीरात काय घडतं, ते मात्र नीट सांगता येईल, आणि ते कळलं की निर्णय घेणं तुम्हाला सोपं जाईल.

आधी ‘विष’ या शब्दाबद्दल. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. रक्तातला युरिया, औषधांचे अवशेष, दारू, अमोनिया हे बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अखंड करतात, आणि उलटी करून त्यातलं काही मोठ्या प्रमाणात निघून जातं असा दावा मी कधी करत नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही शोधनाने, म्हणजे शरीर शुद्ध करणाऱ्या उपचारांनी, ‘विषं’ निघतात असं सरसकट म्हटलेलं नाही. तिथे शब्द आहे ‘दोष’, आणि तुमच्या बाबतीत कफ. कफ ही काही परकी वस्तू नाही. तो शरीर धरून ठेवणारा, ओलावा देणारा घटक आहे. तो वाढला, नको तिथे साठला, चिकट झाला की त्रास देतो. वमन हे त्या साठलेल्या कफासाठी सांगितलेलं कर्म आहे. ‘डिटॉक्स’ हा शब्द जाहिरातीतून आला आणि त्याने आमच्या शास्त्राचं नुकसानच केलं, कारण रुग्ण भांड्यात विष शोधायला लागला.

मावशींचं आधी संपवते, कारण ते सोपं आहे. चरकांनी सांगितलेली पाच कर्मं म्हणजे वमन (उलटी), विरेचन (जुलाब), निरूह बस्ती (काढ्याचा एनिमा), अनुवासन बस्ती (तेलाचा एनिमा) आणि नस्य (नाकातून औषध). सुश्रुतांच्या परंपरेत रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणं, येतं. केरळात ज्या गोष्टी प्रसिद्ध आहेत, अंगावर कोमट तेलाची धार धरणारं पिळिच्चिल, कपाळावरची शिरोधारा, भाताच्या पोटल्यांनी शेकणारी नवरकिळी, त्या बहुतेक स्नेहन (तेल-तुपाने शरीर स्निग्ध करणं) आणि स्वेदन (शेकून घाम आणणं) या सदरातल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, सांध्यांना आणि झोपेला त्यांचा उपयोग होतो. पण त्या मुख्य शोधनाच्या आधीची तयारी आहेत, किंवा दोष बाहेर न काढता शांत करणारे स्वतंत्र ‘शमन’ उपचार. मावशींना बरं वाटलं असेल तर ते खरंच आहे. फक्त त्यांचं आणि तुमचं काम एक नाही.

आता तुमच्याकडे वळू. वमन म्हणजे त्या एका सकाळचं काम असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते सतरा-अठरा दिवसांचं वेळापत्रक आहे आणि उलटीची सकाळ त्यातले जेमतेम दोन तास घेते.

पहिले तीन दिवस पाचन. सुंठ, पिंपळी, मिरी किंवा पंचकोल अशा औषधांनी भूक जागी करायची. जिभेवरचा पांढरा थर जातो, पोट हलकं होतं, सकाळी साफ होतं. हे दिसल्याशिवाय मी तुपाचा पहिला घोट देत नाही. भूक नसलेल्या माणसाला तूप पाजलं तर मळमळ आणि जडपणा पदरी पडतो, बाकी काही नाही.

मग स्नेहपान. सकाळी सूर्योदयाच्या सुमारास, रिकाम्या पोटी, औषधी तूप. पहिल्या दिवशी 30 मिली देते, आणि ते किती तासांत पचलं ते बघते. ग्रंथांत मात्रा अशीच मोजली आहे: दोन प्रहरांत, म्हणजे सहा तासांत पचेल ती ह्रस्व, बारा तासांत पचेल ती मध्यम, चोवीस तासांत पचेल ती उत्तम. मिलिलिटरचा आकडा माझ्या वहीत असतो, पण ठरवते ती तुमची भूक. कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचं नाही, फक्त गरम पाणी. भूक लागली की भाताची पातळ पेज. दुसऱ्या दिवशी 60, मग 90, 120 असं वाढत जातं. कोठा मृदू असेल, म्हणजे पोट सहज साफ होत असेल, तर तीन दिवसांत पुरतं, मध्यम असेल तर पाच, क्रूर, म्हणजे पोट कडक राहणारा असेल तर सात. सातपेक्षा जास्त दिवस नाही.

या दिवसांत शरीरात काय होतं? एवढी चरबी एकदम लहान आतड्यात उतरली की आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक सुटतं, त्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त बाहेर येतं. जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो, म्हणून दिवसभर भूक लागत नाही. रोज मात्रा वाढते तसं एका टप्प्यावर पित्त आणि पाचकरस कमी पडतात, आणि न पचलेलं तूप मलातून दिसायला लागतं. गंमत बघा, ग्रंथांनी स्नेहपान पुरं झाल्याची जी लक्षणं सांगितली आहेत, त्यात हेच येतं: मल मऊ आणि स्निग्ध, अधोमार्गाने स्नेह दिसणं, त्वचा तुकतुकीत, अंग हलकं, आणि तुपाचा वास आला तरी नकोसं वाटणं. हे शेवटचं लक्षण, ‘स्नेहोद्वेग’, रुग्ण स्वतःच येऊन सांगतात. ‘मॅडम, आता भांडंसुद्धा बघवत नाही’ असं कुणी म्हणालं की मी वहीत नोंद करून स्नेहपान थांबवते.

तूप कशासाठी, याचं चरकांनी दिलेलं उत्तर मला आजही पटतं. ते म्हणतात, तेल लावलेल्या भांड्यात मध जसा चिकटत नाही, तसा स्निग्ध झालेल्या शरीरात दोष कुठे न अडकता सरकत कोठ्याकडे, म्हणजे पोट-आतड्यांकडे येतो. शेकण्याबद्दलही त्यांचा असाच दृष्टांत आहे: वाळलेलं लाकूडसुद्धा तेल आणि ऊब दिली की वाकवता येतं, मग जिवंत शरीराचं काय. आजच्या शरीरशास्त्रात मधासारखा सरकणारा कफ बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण तयारी न करता वमन दिलं तर काय होतं ते मी शिकाऊ असताना पाहिलेलं आहे. कोरडे उमासे, पोटात पिळवटून दुखणं, घशात ओरखडे, आणि बाहेर काहीच नाही. तयारी केलेल्या रुग्णाचे उलटीचे वेग पुष्कळदा कळत न कळत येऊन जातात. हा फरक इतका ठळक आहे की एकदा पाहिलेला माणूस तूप टाळून वमन देणार नाही.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी पोटाची सोनोग्राफी सगळ्यांना सांगत नसे. एका चाळिशीच्या बाईंना चौथ्या दिवशी 120 मिली तूप दिलं आणि दुपारी उजव्या बरगडीखाली असह्य कळ सुरू झाली. पित्ताशयात खडे होते, त्यांनाही माहीत नव्हतं. वर सांगितलं तसं तुपाने पित्ताशय जोरात आवळलं आणि खडा तोंडाशी अडकला. त्यांना इस्पितळात दाखल करावं लागलं, पुढे शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्याखेरीज मी स्नेहपान सुरू करत नाही. तुमच्या वैद्यांनी ती सांगितली नसेल तर तुम्ही स्वतः मागा.

स्नेहपान संपलं की मध्ये एक दिवस सोडतात. सकाळी अंगाला तेल, वाफ. आणि जेवणात कफ वाढवणारं सगळं: दहीभात, उडदाची खिचडी किंवा वडे, खीर, पेढे, जिलबी, मासे खाणाऱ्यांना मासे. एरवी आम्ही ज्याला नको म्हणतो तेच त्या दिवशी आग्रहाने खायला लावतो. कफ उचंबळून वर यावा, उद्याच्या वेगाबरोबर सहज निघावा, हा हेतू. विरेचनाच्या आधी मात्र असं करत नाहीत. तिथे तीन दिवस मध्ये जातात आणि जेवण हलकं असतं.

वमनाच्या दिवशी सकाळी सहा-सातला बसवते. गुडघ्याएवढी खुर्ची, समोर मोजमापाची भांडी, एक माणूस कपाळ धरायला, एक पाठ चोळायला. रक्तदाब, नाडी आधी आणि नंतर ठराविक वेळाने. मग दूध किंवा ज्येष्ठमधाचा काढा गळ्याशी येईपर्यंत प्यायला देते, साधारण दीड-दोन लिटर. त्यावर औषध: गेळफळाच्या बियांचं चूर्ण, थोडं वेखंड, सैंधव, मधात कालवून. आणि वाट बघायची. आधी कपाळावर घामाचे थेंब येतात, मग अंगावर काटा, मग पोट फुगल्यासारखं वाटतं, मग तोंडाला पाणी सुटतं. ही चार लक्षणं याच क्रमाने ग्रंथात आहेत: दोष वितळला, जागेवरून हलला, कोठ्यात आला, वर चढला. तोंडाला पाणी सुटलं की पहिला वेग आता येणार, हे कळतं.

याच वेळी मेंदूच्या बाजूने असं घडत असतं. भरलेल्या जठराचा ताण आणि गेळफळातल्या सॅपोनिन द्रव्यांनी अस्तराला होणारी चुरचुर ही बातमी व्हेगस नावाच्या मज्जातंतूने मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोचते. तिथून हुकूम सुटतो. लाळ वाढते, घाम येतो, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं, पोटाचे स्नायू आणि छाती-पोटामधला पडदा एकदम आवळतात. सुरुवातीच्या वेगांत प्यायलेलं दूध-काढा येतो, मग चिकट तारेसारखा कफ, आणि शेवटी लहान आतड्यातून उलट वर आलेलं पिवळं-हिरवं पित्त. ‘पित्तान्त वमन’ म्हणजे हेच. पित्त दिसलं की थांबायचं. आठ वेग आले तर उत्तम शुद्धी, सहा मध्यम, चार कमी. पण आकड्यापेक्षा छाती, डोकं, अंग हलकं झालं का, मन प्रसन्न आहे का, हे बघून मी ठरवते.

आता भांड्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. वमन झाल्यावर भांड्यात बरंच पांढुरकं, फेसाळ, गुठळ्यांचं द्रव असतं. काही ठिकाणी ते रुग्णाला दाखवून ‘बघा किती घाण निघाली’ असं म्हणतात, फोटो काढून पाठवतात. मी तसं करत नाही, आणि तुम्हालाही कुणी दाखवलं तर नीट समजून घ्या. त्यातलं बहुतेक तुम्ही तासाभरापूर्वी प्यायलेलं असतं. फेस येतो कारण ज्येष्ठमधातलं गोड द्रव्य साबणासारखं फेसाळतं. पांढऱ्या गुठळ्या म्हणजे जठरातल्या आम्लाने फाटलेलं दूध. म्हणून आम्ही किती प्यायलं आणि किती बाहेर आलं दोन्ही मोजतो, वजाबाकी करतो. उरतं ते काही शे मिली: जठराचा रस, लाळ, घशातला-छातीतला श्लेष्मा, पित्त. ही कमी गोष्ट नाही, पण विषांचा साठाही नाही.

मग नाक मोकळं का होतं? तुमच्या त्रासाशी याचा थेट संबंध आहे. मळमळ सुरू झाली की त्याच व्हेगसच्या वाटेने श्वासनलिकांतल्या ग्रंथींनाही इशारा जातो आणि पातळ स्राव सुटतो. जुन्या खोकल्याच्या औषधांत इपेकाक नावाची वनस्पती असायची. थोड्या मात्रेत ती कफ सुटा करते, जास्त मात्रेत उलटी करवते. एकाच धाग्याची ही दोन टोकं आहेत. वमनात आपण तो धागा पूर्ण ताणतो. चिकटून बसलेला श्लेष्मा पातळ होतो, पोट-छातीच्या जोरकस हालचालीने निघतो, आणि नंतर औषधी धूमपान व गुळण्या दिल्या की घसा, नाक स्वच्छ होतं. आठ-दहा वर्षं नाक चोंदलेला माणूस दुपारी ‘वास येतोय’ म्हणतो तेव्हा मलाही भरून येतं.

हा तात्काळ परिणाम झाला. तो टिकतो का, हे वेगळं प्रकरण आहे, आणि तिथेच माझं सगळ्यात ठाम मत आहे: वमनाचं फळ भांड्यात नसतं, पुढच्या सात दिवसांच्या पेजेत असतं.

वमनानंतर जठराग्नी अगदी बारीक झालेला असतो. ग्रंथांत दृष्टांत आहे की बारीक ठिणगी जशी गवत, शेणी टाकून हळूहळू फुलवतात, तसा हा अग्नी पेया वगैरे क्रमाने वाढवायचा. यालाच संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे भाताची अगदी पातळ पेज. मग विलेपी, आपल्याकडच्या आटवलासारखा मऊ गिच्च भात. मग मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं, मग तूप-जिरं-सैंधव घालून. मग मांसाहारी असेल त्याला मांसरस. उत्तम शुद्धी असेल तर प्रत्येक पायरी तीन जेवणं, एकूण बारा. मध्यम असेल तर दोन-दोन, कमी असेल तर एक-एक. सातव्या दिवसाच्या आसपास माणूस साध्या जेवणावर येतो.

वरवर बघता ही फक्त पथ्याची यादी वाटेल. पण विचार करा, तीस-पस्तीस वर्षांत तुम्ही एकदा तरी असे सात दिवस जगलात का, जिथे भूक लागल्याशिवाय खाल्लं नाही, जिथे प्रत्येक पदार्थ आतड्याला एकेक करून पुन्हा ओळखीचा झाला? रुग्णांना या आठवड्यात पहिल्यांदा कळतं की आपल्याला दुपारी चारला भूक लागत नव्हती, सवय लागत होती. रात्री दह्याची वाटी घेतली की सकाळी शिंका येतात, हे त्यांना त्या स्वच्छ पाटीवर स्पष्ट दिसतं. माझ्या ज्या रुग्णांना दोन-तीन हिवाळे बरे गेले, त्यातले बहुतेक हा क्रम काटेकोर पाळणारे आणि नंतर स्वतःचा आहार बदललेले आहेत. ज्यांनी वमन उत्तम झालं म्हणून तिसऱ्या दिवशी लग्नात श्रीखंड-पुरी खाल्ली, त्यातल्या एका गृहस्थांना ताप आणि जुलाब झाले, आणि महिन्याभरात सर्दी पूर्ववत. आयुर्वेदाचे ग्रंथकार वाग्भट यांनी रसायनाबद्दल, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांबद्दल, म्हटलंय की मळक्या कापडावर रंग चढत नाही. कापड धुऊन लगेच चिखलात टाकलं तरी तेच.

वजनाबद्दलही थोडं, कारण बरेच जण त्यासाठी येतात. सतरा दिवसांत दोन-तीन किलो उतरतात. त्यात मोठा वाटा पाण्याचा, आतड्यात असलेल्या अन्नाचा, आणि यकृत-स्नायूंमधल्या साखरेच्या साठ्याचा असतो. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की यातलं बरंच परत येतं. म्हणून वजनासाठी वमन करू नका.

संशोधनाचं विचाराल तर एक उदाहरण देते. कॅलिफोर्नियात 119 निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास 2016 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला. सहा दिवसांच्या पंचकर्मावर आधारित कार्यक्रमानंतर रक्तातल्या काही स्निग्ध घटकांचं प्रमाण बदललेलं आढळलं. लोक हा अभ्यास पुरावा म्हणून नाचवतात. पण त्या सहा दिवसांत ध्यान, योगासनं, शाकाहारी जेवण, तेलमालिश सगळं एकत्र होतं, आणि आपण बोलतोय तसं वमन नव्हतं. शरीरात मोजता येईल असा बदल होतो, इतकं त्यातून म्हणता येतं. तुमच्या शिंका वमनाने थांबतील, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी जे सांगते ते माझ्या वह्यांमधल्या रुग्णांवरून, आणि म्हणून हमी देत नाही.

आता तुमच्या रक्तदाबाकडे येते. उमाशाच्या क्षणी छाती-पोटातला दाब एकदम वाढतो, रक्तदाब उसळतो, डोळ्यांवर ताण येतो. शिवाय उलटीतून पाणी, मीठ आणि जठरातलं आम्ल जातं. अति झालं तर रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं, तेही पोटॅशियम उतरवतं. त्यात ज्येष्ठमध भरपूर पोटात राहिलं तर तेसुद्धा पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. तिन्ही एकाच दिशेला ओढतात. म्हणून तुमची गोळी साधी आहे की जोडगोळी, हे वैद्यांना दाखवलंच पाहिजे. रक्तदाब महिनाभर सलग आटोक्यात असेल, ईसीजी आणि रक्तातले क्षार ठीक असतील, तर मी वमनाचा विचार करते, ज्येष्ठमधाऐवजी दूध किंवा उसाचा रस वापरते. नसेल तर करत नाही. गोळी किंवा दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. पंप तर वमनाच्या दिवशीही हाताशी हवा.

काही माणसांना वमन द्यायचंच नसतं: गरोदर बाई, हृदयरोगी, आधी रक्ताची उलटी झालेली, जठरात व्रण, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार, हर्निया, फार म्हातारी किंवा फार कृश माणसं. ग्रंथांतली यादीही याच अंगाने जाते. मधुमेह असणाऱ्यांना एक खास इशारा, तुम्हाला लागू नसला तरी वाचणाऱ्या कुणाच्या कामी येईल. लघवीवाटे साखर घालवणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या चालू असताना कमी जेवण आणि उलट्या झाल्या, तर साखरेचा आकडा जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात घातक आम्लं साठू शकतात. गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशा माणसाने शोधनाच्या वाटेला जाऊ नये.

रक्तदाबामुळे वमन जमणार नसेल तर वाट बंद होत नाही. सौम्य विरेचन देता येतं. एरंडेल आतड्यात गेलं की त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं आणि ते आतड्याच्या स्नायूंमधल्या एका ठराविक ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसून आकुंचन सुरू करतं. हे 2012 साली प्रयोगशाळेत उलगडलं. निशोत्तर, बहावा, मनुका अशी द्रव्यं कोठा बघून वापरतात. विरेचनाचा ऋतू शरद असला तरी गरजेप्रमाणे इतर वेळीही देतात. त्याबरोबर नस्य, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब, तुमच्या शिंकांसाठी मी नक्की विचारात घेईन. काही रुग्णांत तर नुसतं नस्य, सुंठीचं पाणी आणि रात्रीचं दही-केळं बंद, एवढ्यावर काम भागलंय. वमन हे मोठं हत्यार आहे, लहानाने भागत असेल तर ते काढू नये.

वैद्यांकडे जाल तेव्हा इतकं विचारा: वमनाच्या वेळी स्वतः हजर राहणार का, रक्तदाब किती वेळाने मोजणार, शिरेतून सलाईन द्यायची सोय आहे का, अति झालं तर जवळचं इस्पितळ कोणतं. एका हॉलमध्ये पंधरा-वीस जणांना ओळीने बसवणाऱ्या शिबिरात पहिल्यांदाच वमन करू नका, निदान रक्तदाब असताना तरी नाही. आणि उलटीत लाल रक्त दिसलं, छातीत दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘शुद्धी होतेय’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

सुट्टीचं सांगायचं तर पाचनाच्या दिवसांत कामावर जाता येतं. स्नेहपानात घरून काम जमतं, पण उन्हात, वाऱ्यात, लांबच्या प्रवासात नको. दुपारी झोपू नका आणि गार पाणी नको. वमनाचा आदला दिवस, तो दिवस आणि नंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा. पुढच्या आठवड्यात डब्यात पेज आणि कढण न्यावं लागेल, त्याची घरात आधी बोलणी करून ठेवा. त्या सात दिवसांत घरात लग्न, मुंज, वाढदिवस असेल तर तारीख पुढे ढकला, वसंत ऋतू दोन महिन्यांचा असतो.